हे कुलूप लावणाऱ्यानेच काढायचे

३ मार्च

झालं ते असं.

१. माझ्या डोक्यात डाव्या बाजूला, कानाच्या वर, एक गाठ होती. कॅन्सरची नव्हती. सर्जन म्हणाले, लिंबाएवढी. मी मिलिमीटर विचारले. ते म्हणाले, मोठं लिंबू.

२. जानेवारीत ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली.

३. ऑपरेशनच्या आधी मला कधीही झटका आलेला नव्हता. हे मुद्दाम लिहून ठेवते.

४. ऑपरेशननंतर घरी आल्यावर जेवणाच्या टेबलाशी काहीतरी घडलं. आई त्याला झटका म्हणते. डॉक्टरही झटका म्हणतात. मी त्या वेळी तिथे होते, पण माझी साक्ष घेतली तर मी तिथे नव्हते.

५. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ गोळी.

६. गाडी चालवायची नाही. उंचावर चढायचं नाही. बाथरूमला आतून कडी लावायची नाही. जागरण करायचं नाही. गोळी चुकवायची नाही.

७. मी लिफ्ट तपासते. लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभं राहून शाफ्टमधून वर जाणं हे माझं काम आहे. मुद्दा ६ आणि मुद्दा ७ एकत्र नांदू शकत नाहीत.

८. साहेबांनी माझी जागा १ मेपर्यंत राखून ठेवली आहे. तोपर्यंत डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणलं तर शाफ्ट. नाहीतर टेबल.

दुरुस्तीनंतर नवा दोष दिसला तर तो दुरुस्ती करणाऱ्याच्या नावावर लिहायचा, असा आमच्याकडे नियम आहे. हे सर्जनना सांगितलं. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

४ मार्च

आजपासून रोजनिशी. पद्धत साधी. रोज स्वतःचं निरीक्षण करायचं. घटना घडली तर वर्णन, नाही घडली तर ‘निरंक’. एप्रिलअखेर निरंकांची रांग डॉक्टरबाईंपुढे ठेवली की सर्टिफिकेट द्यावंच लागेल. मोजमापापुढे कुणाचं चालत नाही.

आईला म्हटलं, तूही काही दिसलं तर सांग. लगेच म्हणाली, काल चहा ओतताना तू कुठेतरी गेली होतीस. म्हटलं, कुठे? ती म्हणाली, ते मी कसं सांगू, कप भरला, बशी भरली, तू ओततच होतीस. आई साक्षीदार म्हणून उपयोगाची नाही. कुकरची शिट्टी जोरात झाली तरी तिला स्फोट वाटतो.

घटना: निरंक.

९ मार्च

सुताराने बाथरूमची कडी काढली. लिफ्टचं दार एका बोटाएवढं उघडं राहिलं तरी मी अख्खी इमारत थांबवते, आणि माझ्याच बाथरूमला कडी नाही.

मी आत असताना आई बाहेर स्टूल घेऊन बसते आणि बोलत राहते. मी उत्तर द्यायचं. नाही दिलं तर ती आत येणार, असा तिचा कायदा. प्रश्न काहीही असतात. कोबी आणू की फ्लॉवर. मावशीच्या नणंदेचं नाव काय. आज साबण लावताना मी मुद्दाम गप्प राहिले, यंत्रणा चालते का ते पाहायला. आई खरंच आत आली. म्हटलं, अगं, चाचणी होती. म्हणाली, तुझ्या चाचण्या तुझ्या ऑफिसात, माझा जीव काय टेस्टिंगला ठेवलाय?

मग जाता जाता म्हणाली, लाजतेस काय, हे सगळं मीच बनवलंय.

घटना: निरंक.

१४ मार्च

दूध उतू गेलं. कारण देते.

मी गॅसपाशी उभी होते. वास आला. मोटरच्या वायरींवर वार्निशचा थर असतो. मोटर जळायला आली की तो तापतो आणि एक गोडसर, घशात बसणारा वास येतो. ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. मी मिक्सर पाहिला, फ्रिजच्या मागे पाहिलं, पंख्याखाली उभी राहिले. तेवढ्यात दूध गेलं.

आईला वास आला नाही. तिला काहीच वास येत नाही, तिचं नाक वयाप्रमाणे गेलंय. ती म्हणते, तिने मला हाका मारल्या आणि मी ओठ चाटत शर्टाचं बटण चोळत उभी होते. ती हाका हळू मारते. बटण मात्र खरंच तुटलं. हल्ली दोरा चांगला येत नाही.

संकल्प: उद्या घरातलं सगळं वायरिंग तपासणे.

घटना: निरंक.

१५ मार्च

वायरिंग तपासलं. उत्तम आहे. म्हणजे दोष शेजाऱ्यांकडे.

२० मार्च

ऑफिसातून फोन. माझ्या जागी तात्पुरता बसवलेला, आधी माझ्याच हाताखाली असलेला मुलगा. मुलगा कसला, माझ्याहून वर्षाने मोठा आहे, पण मला ताई म्हणतो. माझ्या फायली, माझी बॅग, माझ्या साइट सध्या त्याच्याकडे. विचारत होता, एका इमारतीत लिफ्ट एकदाच मध्ये थांबली, मग आपोआप चालू झाली, पुन्हा काही नाही. ‘काही दोष आढळला नाही’ लिहून सोडू का?

मी त्याला बराच वेळ फैलावर घेतलं. म्हटलं, दोष आढळला नाही याचा अर्थ तुला आढळला नाही. विनाकारण थांबलेली लिफ्ट कारण सापडेपर्यंत बंद. मेन स्विच खाली करायचा, त्याला आपलं लाल कुलूप घालायचं, ‘धोका. हे कुलूप लावणाऱ्यानेच काढायचे’ ही पाटी अडकवायची आणि किल्ली स्वतःच्या अंगावर ठेवायची. खिशात नाही, टेबलावर नाही. कारण एक जण शाफ्टमध्ये असताना दुसऱ्याने भलेपणाने स्विच चालू केला की पहिल्याला गोळा करायला पोतं लागतं.

तो म्हणाला, लोक शिव्या देतात हो ताई. म्हटलं, द्यायलाच पाहिजेत, नाहीतर तू काम करत नाहीयेस. ऑफिसात मला माझ्या मागे कुलूपबाई म्हणतात. मला हे ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही.

मग म्हणाला, तुम्ही कधी येताय? टपावर तुमच्याबरोबर बरं वाटायचं. टपावर दोघं असतात. एक तपासतो, दुसऱ्याचा हात सतत स्टॉपच्या बटणावर. तो हात माझा असायचा.

म्हटलं, १ मे.

घटना: निरंक.

२६ मार्च

निष्कर्षाप्रत आले. दोष गोळीत आहे.

पुरावा: मला झोप येते. शब्द सापडत नाहीत. काल ‘पाना’ आठवेना, आईला म्हटलं ते फिरवायचं दे, तिने पंख्याचं बटण दाबलं. चिडचिड तर इतकी की परवा कोबीवरून मी आईला जे बोलले ते इथे लिहीत नाही. माझा मूळ स्वभाव असा नाही. आईला विचारलं, आहे का गं असा? ती म्हणाली, मूळ म्हणजे कधीचा?

अशा मंद डोक्याने कामावर गेले तर ते जास्त धोक्याचं. सबब संध्याकाळची गोळी अर्धी करत आहे. हे गोळी चुकवणं नव्हे. ही नियंत्रित चाचणी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा.

आईला सांगितलेलं नाही. निरीक्षकाला चाचणी कळली की निरीक्षण बिघडतं. उरलेले अर्धे तुकडे माझ्या जुन्या टूलबॉक्समध्ये, वॉशरच्या डबीत.

२ एप्रिल

डॉक्टरबाईंकडे. आई सोबत होती. तिला फी भरायच्या रांगेत उभं केलं आणि मी आत गेले. रांग मोठी होती. मी ती बाहेरूनच पाहून ठेवली होती.

डॉक्टरबाई चांगल्या आहेत, पण प्रश्न ढिले विचारतात. झटका आला का? म्हटलं, मला आल्याचं आठवत नाही. खरं उत्तर. मध्येच वेळ गेल्यासारखं वाटतं का? म्हटलं, वेळ सगळ्यांचाच जातो. गोळी घेता? घेते. किती, असं त्यांनी विचारलं नाही. काही विचित्र वास? म्हटलं, नाही. वास विचित्र नाहीच, चांगला ओळखीचा आहे, आणि तो इमारतीत आहे, माझ्यात नाही.

त्या पेन खाली ठेवून म्हणाल्या, अशा झटक्यात माणूस पडतोच असं नाही. नुसता उभा राहतो, बटणाशी खेळतो, आणि त्याला स्वतःला पत्ता नसतो. म्हणून मी पेशंटपेक्षा घरच्यांचं जास्त ऐकते. पुढच्या वेळी आईंना आत आणा.

सर्टिफिकेट २८ तारखेला बघू म्हणाल्या. आईंबरोबर.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, काय म्हणाल्या? म्हटलं, सगळं ठीक आहे. आई म्हणाली, मग पुढच्या वेळी मी कशाला? म्हटलं, तुझं नाक दाखवायला.

घटना: निरंक.

८ एप्रिल

महत्त्वाचं. आमच्या इमारतीची लिफ्ट सदोष आहे.

क्रमाने लिहिते. मी भाजी घेऊन तळमजल्यावर लिफ्टमध्ये शिरले. पाचचं बटण दाबलं, आमचा मजला. दार बंद. लिफ्ट निघाली. आतला दिवा लुकलुकला. त्याच वेळी वार्निशचा वास. या वेळी जोरात, थेट घशात. त्यानंतर दार उघडलं तेव्हा समोर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या. म्हणजे लिफ्ट कुठेतरी मध्ये थांबली, बराच वेळ अडकली आणि मग पाचऐवजी दोनला उघडली.

काकू म्हणाल्या, तू खालून आलीस की वरून? मला उत्तर देता आलं नाही, धक्क्यात होते. त्या म्हणाल्या, अगं, टोमॅटो. पिशवी खाली पडली होती. एक टोमॅटो दाराच्या फटीत गेला.

दूध गेलं त्या दिवशीच मी वासाबद्दल बोलले होते. कुणी ऐकलं नाही.

बऱ्याच दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

९ एप्रिल

मेकॅनिक आला. मला पाहून जिन्यातच थबकला. मागे एकदा त्याने एका साइटवरचं माझं कुलूप तोडलं होतं, तेव्हा मी त्याच्या कंपनीला तीन पानी पत्र लिहिलं होतं. आज हात पुसून नमस्कार केला.

मोटर उघडली, वास घेतला. ब्रेक पाहिला. कंट्रोलरमध्ये दोषाची नोंद नाही. लिफ्ट कुठेही मध्ये थांबल्याची नोंद नाही. म्हणाला, मॅडम, काही दोष आढळला नाही.

मला हसू आलं. हेच वाक्य.

म्हणाला, आत कॅमेरा आहे, सेक्रेटरीकाकांकडे रेकॉर्डिंग असेल, बघता का? म्हटलं, कॅमेऱ्यात मोटर दिसते का? तो नाही म्हणाला. मग?

सेक्रेटरीकाका मागे उभे होते. चौथ्या मजल्यावर राहतात, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा रांगेत आहे. म्हणाले, बाळ, रेकॉर्डिंग मी पाहिलंय. तू एकदा पाहा. त्यांचा आवाज मला आवडला नाही. समजूत काढायचा आवाज होता. म्हटलं, काका, यंत्राचं यंत्रावर सोडा.

१० एप्रिल

गच्चीवरचा मेन स्विच खाली केला. जुन्या टूलबॉक्समधलं लाल कुलूप, पाटी. किल्ली दोऱ्यात घालून गळ्यात.

काका म्हणाले, पण तू तर रजेवर आहेस. म्हटलं, मी रजेवर आहे, नियम रजेवर नाही.

१५ एप्रिल

जिन्यात लोक भेटतात आणि बोलतात. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ: तुमच्या कृपेने माझं पोट कमी झालं. काकू: दुसऱ्यापर्यंत काही नाही गं, पण टोमॅटो तू पाडलास आणि शिक्षा आम्हाला. सेक्रेटरीकाका नुसते प्रत्येक वळणावर थांबतात आणि माझ्याकडे अशा प्रेमाने बघतात की मला पत्र लिहावंसं वाटतं.

आई पाच जिने चढून आली, पिशव्या ठेवल्या आणि जमिनीवरच बसली. म्हटलं, सुरक्षेची किंमत असते. म्हणाली, हो ना, आणि ती नेहमी गुडघ्यांतच पडते. पाणी प्यायली. मग म्हणाली, काकांकडचं ते रेकॉर्डिंग मी पाहून आले. मी म्हटलं, मला ऐकायचं नाही. ती म्हणाली, तू ना, लहानपणी डोळे मिटून म्हणायचीस, आता मी कुणाला दिसत नाही.

विषय बदलला. तिनेही बदलू दिला. हे तिच्या स्वभावात नाही.

घटना: निरंक.

१९ एप्रिल

चाचणीचा दुसरा टप्पा. परवापासून संध्याकाळची गोळी पूर्ण बंद केली. डोकं स्वच्छ. ‘पाना’ लगेच आठवला. ‘पकड’, ‘पोपटपाना’, ‘कानस’, सगळे आले.

सकाळी उठले तेव्हा जीभ चावलेली होती, कडेने, चांगली खोलवर. दातांची धार फार झाली आहे. डेंटिस्ट बघायला हवा. अंग ठेचून काढल्यासारखं. ते जिने चढण्यामुळे. सवय नसली की स्नायू बोलतात.

आईने उशीवरचा डाग पाहिला. मग म्हणाली, डॉक्टरांना आजच फोन करू? मी म्हटलं, जीभ चावल्याचा? सगळं जग जीभ चावतं.

मग तिने गोळ्यांचं पाकीट उजेडात धरून मोजलं. बरोबर भरलं. भरणारच. मी त्यातून रोज वेळेवर काढते. त्या कुठे जातात तो वेगळा विषय.

२३ एप्रिल

२८ची तयारी.

आईला दोन वाक्यं दिली आहेत. एक: मला तसं काही दिसलं नाही. दोन: झोप नीट लागते. तिसरं काही बोलायचं नाही. तालीम घेतली. मी डॉक्टरबाई झाले. आई म्हणाली, मला तसं काही दिसलं नाही, आणि रडली. म्हटलं, हे वाक्यात नाही.

ती म्हणाली, तुझी गाठ निघाली त्या दिवशी मी म्हटलं होतं, आता देवाकडे काही मागणार नाही. वाटलं नव्हतं की तू मला खोटं मागशील.

म्हटलं, खोटं नाही, संक्षिप्त.

साहेबांनाही कळवलं की १ मेला येते. त्यांनी पहिल्याच दिवशी चोवीस मजली इमारत दिली आहे. मी आणि माझ्या जागी आलेला. टपावर. बूट घासून ठेवले. हेल्मेटचा पट्टा आत घ्यावा लागला, डोक्याची ती बाजू जरा खोल झालीय.

घटना: निरंक. सलग निरंक. नोंदींत एकही खंड नाही.

२९ एप्रिल

हॉस्पिटल. हाताला सुई, म्हणून अक्षर असं.

चार दिवस माझ्याकडे नाहीत. जे लिहिते ते आईने सांगितलं, थोडं थोडं करून, सफरचंद कापता कापता.

२५ला दुपारी मी बूट घालून पाहत होते. आई म्हणते, मी अचानक वर पाहिलं आणि विचारलं, काय जळतंय? मग खाली पडले. झटका आला, थांबला असं वाटलं आणि मी शुद्धीवर यायच्या आत दुसरा सुरू झाला. अँब्युलन्स आली. त्यांचा स्ट्रेचर आमच्या जिन्यात वळत नाही, तो लिफ्टने न्यायचा असतो.

लिफ्ट बंद होती.

सेक्रेटरीकाका गच्चीवर स्विचपाशी गेले. कुलूप, पाटी. मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, मॅडमचं कुलूप आहे, ते मी मेलो तरी तोडणार नाही, एकदा तोडलं तर तीन पानं आली होती. काका म्हणाले, अरे, मॅडमच आहेत. तो म्हणाला, मग किल्ली त्यांच्याच अंगावर असणार, त्यांचाच नियम आहे. काका गच्चीवरून ओरडले, किल्ली बघा. खाली घरात आईने सगळे खण ओतले, पर्स ओतली, टूलबॉक्स ओतला. त्यात वॉशरची डबी उघडली.

अँब्युलन्सवाले म्हणाले, थांबायला वेळ नाही. स्वयंपाकघरातली खुर्ची घेतली, चादरीने मला तिला बांधलं आणि दोघांनी उचललं. तिसऱ्या मजल्यावर एकाचा पाय सरकला, तेव्हा खालची बाजू काकांनी धरली. त्या गुडघ्यावर. तिथून तळमजल्यापर्यंत. तिसऱ्याचे गृहस्थ पुढे लोकांना बाजूला करत होते. मागे आई, हातात माझी चप्पल.

किल्ली सगळा वेळ माझ्या गळ्यात होती. आई म्हणते, प्रत्येक पायरीला ती हलत होती, दिसत होती. म्हटलं, मग? ती म्हणाली, मला वाटलं ताईत घातलायस. म्हटलं, चला, कशावर तरी विश्वास बसला.

मी हसले. टाका असल्यासारखी जीभ दुखली.

डॉक्टरबाई आल्या. म्हणाल्या, रक्तात औषध हवं त्याच्या निम्मंही नव्हतं. मग आईकडे पाहिलं. आईने पर्समधून वॉशरची डबी काढून माझ्या पांघरुणावर ठेवली. दिलेल्या दोन वाक्यांपैकी एकही बोलली नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, झटके बहुतेक वेळा गोळीने आवाक्यात राहतात. ही गोळी झेपत नसेल तर दुसरी आहे, ती नाही झेपली तर तिसरी आहे. फक्त मला खरं कळायला हवं. सर्टिफिकेटचं मी विचारलं नाही. त्यांनीही काढलं नाही.

३० एप्रिल

घरी. लिफ्टने.

काकांना किल्ली कालच पाठवली होती. नियमाप्रमाणे मी स्वतः जाऊन काढायला हवं होतं, पण गच्चीवर चढायला मनाई आहे. काकांनी काढलं आणि कुलूप पुसून परत दिलं. दुसरा गुडघा त्यांनी आता लवकर करायचं ठरवलंय. म्हणाले, तुझ्यामुळे नाही गं, तो जायचाच होता. मला ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

मग मी त्यांना म्हटलं, दाखवा.

त्यांनी खुर्ची दिली आणि खोलीबाहेर गेले. आई थांबली.

रेकॉर्डिंग मी जसं बघायला शिकले तसं पाहिलं, आधी लिफ्ट. तळमजल्यावर दार बंद. वेग समान. कुठेही थांबली नाही. पाचला आली, पायरीशी बरोबर जुळली, दार उघडलं. नियमाप्रमाणे वाट पाहिली. कुणी उतरलं नाही, म्हणून दार बंद. मग दोनवरून बोलावणं आलं, तिकडे गेली, दार उघडलं. दारात काहीतरी अडकलं तेव्हा दार मागे सरलं. तो टोमॅटो होता. लिफ्टने सगळं बरोबर केलं. मी तिला पूर्ण गुण दिले असते.

मग पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि दुसरीकडे पाहिलं.

एक बाई उभी आहे. पाचला दार उघडतं, समोर तिच्या घराचं दार दिसतं, ती उतरत नाही. ओठ हलतात. एक हात शर्टाच्या दुसऱ्या बटणावर, चोळतोय, चोळतोय. पिशवी सुटते, तिला कळत नाही. कुणीही पाहिलं तर म्हणेल, बाई विचारात आहे. चेहऱ्यावर काळजी नाही, दुखणं नाही. काहीच नाही. इतकी शांत मी कधी दिसले असेन असं वाटत नाही.

दुसरा हात मोकळाच लोंबत होता. मी त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. चोवीस मजल्यांच्या शाफ्टमध्ये तो स्टॉपच्या बटणावर असणार होता.

आई म्हणाली, बंद करू? म्हटलं, हो.

४ मार्चपासूनची पानं चाळली. निरंक, निरंक, निरंक. सगळ्या नोंदी नीट, सुवाच्य. काय घडलं हे त्यात कुठेही नाही, कारण घडत होतं तेव्हा लिहिणारी घरी नसायची.

१ मे

संध्याकाळची गोळी आईसमोर घेतली. तिने तोंड उघडायला लावून पाहिलं. हे अपमानास्पद आहे, पण तपासणी अशीच करायची असते.

साहेबांना पाठवलं ते इथे उतरवून ठेवते.

साहेब,

१. जानेवारीतल्या ऑपरेशननंतर मला झटके येत आहेत. किती आले ते मला सांगता येणार नाही. माझी आई सांगू शकेल. तिचा नंबर खाली दिला आहे.

२. मी डॉक्टरांना खरं सांगितलं नव्हतं आणि गोळ्या कमी केल्या होत्या. आता नियमित घेत आहे.

३. आमच्या इमारतीची लिफ्ट मी रजेवर असताना बंद केली. लिफ्टमध्ये दोष नव्हता. मेकॅनिकने नोंद बरोबर केली होती. त्याच्या कंपनीला तसं पत्र पाठवलं आहे. एक पानी.

४. डब्यातला दिवा मात्र खरोखर लुकलुकतो. रेकॉर्डिंगमध्येही दिसतो. तो बदलावा असं मी कळवलं आहे.

५. मला शाफ्टवर पाठवू नये. टपावर माझ्यासोबत दुसरा माणूस असतो.

६. कारण सापडलं आहे, पण दोष दूर झालेला नाही. तो दूर झाल्याचं डॉक्टर लिहून देतील तोपर्यंत माझ्या बाबतीत आपला नेहमीचाच नियम लावावा.

टेबलावरचं काम असेल तर सोमवार, ५ मेपर्यंत कळवावं.